मास्तरांची खूण

दुकानात सगळे तिला बटण म्हणत, कारण वडिलांच्या हाताखाली तिनं सुरुवात केली ती बटणं लावण्यापासून. पुढे काजं झाली, शिलाई झाली, चाळिशी उलटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वडील म्हणजे मास्तर. कापड बेतायचं आणि कापायचं ते त्यांनीच. बेत मनासारखा जमला की कोपऱ्यात ते खडूनं छोटा गोल काढत, मधे टिंब. ती खूण दिसल्याशिवाय कात्री उचलायची नाही, हा दुकानाचा कायदा. मुलीनं "मला शिकवा ना बेतायला" म्हणून कितीदा विनवलं, तर उत्तर एकच: "घाई कसली? मी काय पळून चाललोय?"

पळूनच गेले की! तेही बसल्या जागी. चार वर्षांत मास्तर कात्री विसरले, घर विसरले, पोटच्या पोरीलाही विसरले. सकाळी सदऱ्याची बाही सापडत नसे. दिवसभर दुकानाच्या खिडकीपाशी बसून चिंध्यांच्या घड्या घालत. वर्षभरात त्यांच्या तोंडून एकच प्रश्न धड निघत होता, "तुम्ही कोण?" ती सांगे, "तुमची मुलगी, बाबा." त्यावर "हो का? छान," म्हणून ते पुन्हा चिंध्यांकडे वळत.

कापायचं काम तिच्यावर येऊन पडलं. बघून बघून शिकलेलं, खुणेशिवाय कापलेलं.

अशात एक गाणाऱ्या बाई जांभळी मखमल घेऊन आल्या. "आईनं जपलेलं कापड आहे. कार्यक्रमासाठी कोट हवाय. असा रंग आता कुठे मिळत नाही हो, आणि तुकडाही बेताचाच." म्हणजे चुकलं तर चुकलं, दुसरी संधी नाही.

बटणनं आयुष्यात मखमल कापली नव्हती. उभ्या घडीवर कागदी खाके काही बसेनात, म्हणून तिनं कापड लांबीच्या मधोमध आडवं दुमडलं. वा, चपखल बसले! तरी कात्री उचलवेना.

"अगं, चालव की! कापडाला काय कळतंय मास्तर कोण ते," दुकानातले इस्त्रीवाले काका म्हणाले.

तिनं कात्री उचलली आणि खुर्ची करकरली. मास्तर उठून थेट टेबलापाशी आले.

"अहो मास्तर, बसा बघू," काका धावले.

"असू द्या, काका."

मास्तरांनी एक तळवा वरच्या थरावर ठेवला, दुसरा खालच्या थरावर सरकवला. डोळे मिटले. दोन्ही हात सावकाश फिरवले.

"लव उलटी आहे," ते म्हणाले. आवाज खणखणीत, जुना, खास रागावण्यासाठी राखलेला. "वरच्या थराचे केस खाली झोपलेत, खालच्याचे वर. अर्धा कोट उजळ दिसेल, अर्धा काळा. मखमलीला आडवी घडी चालते का, बटण?"

बटण! इतक्या दिवसांनी! तिच्या डोळ्यांपुढे टेबलच दिसेना. पण रडायला वेळ होता कुठे? हे दार कधी मिटेल कोण जाणे.

"मग काय करू, बाबा?"

"घडीवर काप. खालचा तुकडा फिरव. दोन्ही लवा एका दिशेला. मग खाके."

तिनं तसंच केलं. घडी सुतात कापली गेली. मास्तरांनी पुन्हा तळवे फिरवले, "हं" केलं आणि हात पुढे केला. काकांनी चटकन खडू दिला. कोपऱ्यात गोल उमटला, पहिल्यासारखा, वाटोळा गरगरीत. बाहीही न सापडणारा तो हात! काकांनी नकळत हात जोडले.

टिंब मात्र मास्तरांनी दिलं नाही. खडू मुलीच्या हातात ठेवला.

"ते तू दे. खडू तुला आधीच द्यायला हवा होता. राहून गेलं."

तिनं टिंब दिलं.

"काप आता," मास्तर म्हणाले.

ती कापत सुटली. पाठ, पुढचे भाग, बाह्या. एकदाही कात्री अडखळली नाही. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा तिनं मान वर केली. मास्तर खुर्चीत परत बसले होते, मांडीवर मखमलीची एक चिंधी.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

काकांनी खाली बघितलं. बटणनं डोळे पुसले.

"मी इथली मास्तर," ती म्हणाली.

"हो का? छान," म्हणत त्यांनी चिंधीची नीट उभी घडी घातली आणि तिच्या हातात दिली.