होडीच्या पुढच्या टोकाला

पुण्याच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, शेवटच्या चित्रात आईच्या डोळ्यांत पाणी हवं, नाहीतर मुलांना दुःख कळणार कसं? माझं डोकंच सणकलं. रडकं तोंड काढायला चित्रकार कशाला हवा?

पुस्तक मुलांसाठी, गोष्ट आणि चित्रं दोन्ही माझी, आणि गोष्टीतली माणसं आमच्या घरची. आरोंद्याच्या खाडीत बाबा होडीच्या पुढच्या टोकाला पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उभे राहायचे आणि मागे आई वल्हं मारायची. बाबा गेल्या साली गेले. शेवटच्या पानावर आई एकटीच आहे.

मी चित्रं लिनोच्या मऊ लादीवर कोरते आणि शाई लावून छापते. जेवढं कोरलं तेवढं कागदावर पांढरं उमटतं, उरलेलं काळं. आईचा चेहरा मी दाखवलाच नव्हता. होडी कोपऱ्यात, आई पाठमोरी, बाकी सगळा कागद कोरा. मागे एकटीचंच वजन, म्हणून होडीचं पुढचं टोक वर उचललेलं. ती एक तिरकी रेष कोरताना मला रडू आवरलं नव्हतं. बाईंशी मी कडाकडा भांडले. शेवटी त्या म्हणाल्या, तुमच्या आईला पटलं तर माझी हरकत नाही. माझंही तेच ठरलं होतं. दुःख तिचं, तर तिने हो म्हटल्याशिवाय ते छापायचं नाही.

आई मागीलदारी मासे साफ करत होती. हात धुऊन, पदराला पुसून तिने कागद लांब धरला. पाठ आपलीच आहे म्हणून खूश झाली. मग विचारलं, चिरे खंय?

कसले चिरे? तेव्हा तिने सांगितलं. पहिल्या दिवशी एकटी गेली तर पुढचं टोक वर आलं, वाऱ्याने होडी गरगर फिरवली. भर खाडीत ती पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी परसातला जांभ्या दगडाचा एक चिरा बाबांच्या जागी ठेवला, तो पुरला नाही.

"मगे दोन घातलंय. तुझो बापूस काय सुकट नव्हतो."

मला हसूही आलं आणि रागही. चिरे घातले की होडी सरळ, मग माझी रेष गेलीच! शिवाय कोरलेलं परत भरता येत नाही, सगळं नव्याने करायला हवं. सरळ होडीत दुःख दिसणार कसं, असं मी फणकारून विचारलं.

"ह्या पयल्या दिसाचा चित्र, गो. मी काय जलमभर त्याच दिसात बसलंय?"

सकाळी मी तिच्याबरोबर गेले. होडी कशी झोकात चालली होती, आई गाणं गुणगुणत होती. मी सहज पुढे जाऊन चिऱ्यांवर टेकायला गेले, तर केवढ्याने ओरडली! तिथे कोणी बसायचं नाही म्हणे. मी गुपचूप मधल्या फळीवर बसले.

घरी येऊन नवा लिनो घेतला. आईची पाठ तीच, कोरं पाणी तेच, होडी मात्र सरळ, आणि पुढच्या टोकाला दोन चिरे. फोटो पाठवला तर बाईंनी विचारलं, ती खोकी कसली? मी सांगितलं. त्यांनी डोळ्यांतलं पाणी पुन्हा मागितलं नाही.

आईसाठी मी एक ताजा छाप काढला, तो तिने मांडीवर घेतला. चिऱ्यांवरून बोट फिरवलं, शाई ओली होती ती बोटाला लागली, तरी फिरवतच राहिली.

"आता तुझो बापूस बरो बसलो," ती म्हणाली.