लाल चौकटीचं काय केलंत?

मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. घरगुती दुरुस्तीची कामं घेणारं एक ऑफिस. पुढच्या खोलीत फोन दोनदा वाजला आणि बंद झाला. मी मागच्या खोलीतून ऐकलं. मी तिथला पांढरा फळा बोलतोय, तोही भिंतीकडे तोंड करून. मला तसंच उभं केलंय, पंख्यांच्या मोडक्या पात्यांमागे.

चौदा वर्षं मी पुढच्या खोलीत होतो. फोन ऑफिसातल्या मावशी घ्यायच्या. कुणाचं घर, काय बिघडलं, कोण जाणार, सगळं माझ्यावर लिहायच्या आणि संध्याकाळी पुसायच्या. उजव्या कोपऱ्यातली लाल चौकट मात्र पक्क्या शाईची. 'हिरवं फाटक: बेल ऐकू येत नाही, खिडकी वाजवा.' 'शाळेमागचे मास्तर: श्वासाचं यंत्र विजेवर, बॅटरी दोन तास. हातातलं काम टाकून जा.'

मास्तरांच्या लेकीचा फोन आला की मावशी ओरडायच्या, "लंबू, ऊठ! चौकट आहे!" आमचा ताडमाड वायरमन चहा तसाच टाकून पळायचा.

कारागीर अकरा झाले, मी अपुरा पडू लागलो. हे मी नाकारत नाही. सॉफ्टवेअर घ्यायला हवंच होतं. माझा संताप आहे तो ते कसं निवडलं याचा.

तीन कंपन्या आल्या. तिघांनीही आपला माल माझ्यावरच प्रोजेक्टरचा प्रकाश पाडून दाखवला. नकाशे, पळणारे ठिपके, रंगीत आलेख. मालकांचा जावई वैतागला, "हे लाल मधेमधे येतंय!" आणि त्याने चौकटीवर कोरा कागद चिकटवला. चित्र छान दिसावं म्हणून!

मावशींनी कंपनीच्या टायवाल्या विक्रेत्याला विचारलं, "या कागदाखालचं तुमच्यात कुठे जाणार?"

"सगळं बसतं मावशी. दुसऱ्या टप्प्यात."

"आणि पहिल्या टप्प्यात कुणाचा श्वास अडकला तर?"

सगळे हसले. जावई म्हणाला, "मावशी, तुम्हाला नवीन काही दिसलं की पोटात दुखतं." मावशी हसल्या नाहीत. सॉफ्टवेअरवरच्या अभिप्रायाच्या छापील कागदावर त्यांनी तोच प्रश्न लिहून दिला. मालकांनी खाली सही ठोकली. न वाचता. मी समोरच होतो.

पुढच्या आठवड्यात माझी रवानगी इथे झाली. मावशींचीही. त्या आता स्क्रू मोजतात.

तर त्या मंगळवारी फोन मास्तरांच्या लेकीचा होता. घरातली वीज गेली होती. नव्या सॉफ्टवेअरच्या आवाजाने सांगितलं, तक्रार मोबाइलवर नोंदवा. तिने नोंदवली. उत्तर आलं: कारागीर तीन ते पाचच्या दरम्यान येईल. लंबू तेव्हा शेजारच्याच गल्लीत एक बेल बसवत होता. त्याला कुणी सांगितलंच नाही.

तो पोहोचला पावणेचारला. दाराला कुलूप होतं, मास्तरांना दीड तासापूर्वीच रुग्णवाहिकेने नेलं होतं. लंबूच्या मोबाइलवर एकच बटण लागू पडत होतं, 'ग्राहक घरी नाही'. त्याने ते दाबलं. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या लेकीला संदेश गेला: आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली. "तुम्हाला बाबांचं सगळं ठाऊक होतं. कुणी पुसलं ते?"

मावशी तिला मागे घेऊन आल्या, मला वळवलं आणि कागद टराटरा फाडला. अक्षर न् अक्षर जागेवर.

"पुसलं नाही गं बाई," मावशी म्हणाल्या, "झाकलं."

ती गेल्यावर जावयाने मला पुन्हा भिंतीकडे वळवलं. मला परत टांगू नका हवं तर. पण चौकटीतली बाकीची घरं तरी उतरवून घ्या, अजून वाचता येतात.

मावशींनी तो अभिप्रायाचा कागद माझ्या पाठीवर चिकटवलाय. आज अकरावा दिवस. मास्तर अजून शुद्धीवर नाहीत. कागदावर मावशींचा प्रश्न आहे, मालकांची सही आहे आणि 'उत्तर' असं छापलेल्या जागी काहीही नाही.