कुमुदिनीबाईंच्या बाजूचा दरवाजा

मी मागचा डावा दरवाजा बोलतोय. हँडल ओढू नका, आधी ऐका. पाच महिने जो तो मला ओढतच होता, ऐकून मात्र कुणी घेतलं नाही.

माझा जन्म हरियाणातल्या एका कारखान्यात झाला. आम्ही चौघे भाऊ एकाच दिवशी एका पांढऱ्या गाडीला लागलो आणि सात वर्षांपूर्वी दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत साकेतच्या घरी आलो. साकेत गुरुग्रामला आयटीत आहे. गाडीतल्या जागा पहिल्या दिवशी ठरल्या. साकेत चालवणार, शेजारी त्याचे वडील पद्माकरराव, मागे उजवीकडे त्याची बायको रेवती आणि माझ्याजवळ त्याची आई, कुमुदिनीबाई. पुढची सीट पद्माकररावांचीच का, असं कुणी कधी विचारलं नाही. मी विचारलं असतं, पण मला तोंड कुठे आहे!

पद्माकररावांनी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात तीस वर्षं नोकरी केली. काम पाहुण्यांच्या स्वागताचं. गाडी पोर्चमध्ये थांबली की पुढे व्हायचं, मागचा डावा दरवाजा उघडायचा आणि पाहुण्यांच्या डोक्याला लागू नये म्हणून वरच्या कडेखाली हात धरायचा. अजूनही ते हे रंगवून सांगतात. माझ्या हँडलला मात्र त्यांचा हात कधी लागला नव्हता.

महिन्यातल्या एका रविवारी सगळे तिथल्या कँटीनला जेवायला जायचे. बाकीचे झुणका-भाकरीसाठी आणि कुमुदिनीबाई पार्वतीबाईंसाठी. पार्वतीबाई म्हणजे पद्माकररावांच्या जुन्या सहकाऱ्याची बायको. अख्ख्या दिल्लीत कुमुदिनीबाईंना मनातलं बोलायला ही एवढी एकच मैत्रीण. तिला काय काय सांगायचं, ते त्या वाटेत माझ्या काचेकडे तोंड करून पुटपुटत असायच्या. मला सगळं पाठ व्हायचं.

आणि मग एप्रिलमध्ये साकेत किल्ली आत विसरला. गाडी लॉक. दुसरी किल्ली वर चौथ्या मजल्यावर कपाटात होती. तो आणायला निघालाच होता, तेवढ्यात शेजारचा गौरव धावून आला.

"अरे, चाबी-वाबी छोड़ो यार! दो मिनट का काम है."

त्याने घरातून स्टीलची लांब पट्टी आणली. चौघांत त्याला नेमका मीच सापडलो. काच आणि रबर यांच्या फटीतून पट्टी आत खुपसून तो अर्धा तास खुडबुडत राहिला. लॉकची सळी जागेवर धरून ठेवणारी नखाएवढी प्लास्टिकची क्लिप माझ्या पोटात होती, ती कट्कन तुटली. आवाज मला एकट्याला ऐकू आला. शेवटी रेवतीने वरून किल्ली आणली आणि गाडी उघडली. गौरवला चहा मिळाला. मी मात्र बंद तो बंदच राहिलो.

पुढचं काय सांगू? बटण दाबलं की माझा खटका टुणकन वर यायचा, पण सळी सुटलेली, त्यामुळे आतलं लॉक जागचं हलायचं नाही. खटका वर येतोय म्हणजे लॉक ठीक आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मग हँडलवर तेल मारलं. रिमोटची बॅटरी बदलली. एका मेकॅनिकने बाहेरूनच माझ्यावर दोन बुक्के मारले आणि वर म्हणाला, "दाराचं आतलं अस्तर खोलल्याशिवाय दार उघडणार नाही, आणि दार उघडल्याशिवाय अस्तर निघणार नाही." अरे, मग तू आलास कशाला? चिडून चिडून माझा पत्रा तापायचा.

"जाऊ दे यार," साकेत म्हणाला. "बाकीची तीन चालतायत ना!"

झालं. माझा विषय संपला.

आता मागच्या दोघींना उजवीकडूनच चढावं लागे. आधी चढणाऱ्याने सरकत सरकत माझ्यापर्यंत यायचं. सुरुवातीला रेवती सरकायची. मग तिला दिवस गेले, आणि सरकायचं काम अडुसष्ट वर्षांच्या कुमुदिनीबाईंकडे आलं. साडी सावरत, मधल्या उंचवट्यावरून दुखरा गुडघा हाताने उचलून पलीकडे ठेवत त्या यायच्या. "मला सवय झालीये," म्हणायच्या. त्यातून आमची गाडी सीएनजीची. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवतात. म्हणजे एकेका फेरीत हा खेळ दोन-दोनदा. पंपावरचा माणूस ओरडायचा, "आंटीजी, जल्दी उतरिए!" पुढची सीट दोन हातांवर होती. पद्माकरराव सगळ्यांच्या आधी टुणकन उतरून ऊन किती आहे ते बघत उभे राहायचे. आणि मी हा असा अडलेला! लाज वाटायची मला.

ऑगस्टमध्ये पार्वतीबाईंचं कायमचं लातूरला मुलाकडे जायचं ठरलं. त्या रविवारी कँटीनमध्ये सगळ्यांना भेटून दुपारी तिथूनच स्टेशनवर जाणार होत्या. कुमुदिनीबाईंनी शेंगदाण्याचे लाडू केले. पण आदल्या दिवशी पंपावर दोनदा चढ-उतर झाली होती आणि गुडघा टम्म सुजला होता. त्या उजव्या दारापर्यंत आल्या, पाय उचलून पाहिला आणि डबा साकेतच्या हातात दिला.

"तुम्ही दोघं जाऊन या. रेवती एकटीच आहे घरी. पार्वतीला मी फोन करेन."

"बघ बुवा," पद्माकरराव म्हणाले आणि पुढे बसले.

कँटीनसमोर पार्वतीबाई निरोपाला गाडीपाशी आल्या. त्यांच्या हातात लोणच्याची बरणी होती. ती मैत्रिणीच्या जागेवर ठेवावी म्हणून त्यांनी मला ओढलं.

"भावजी, हे दार उघडत नाही का?"

"ते ना? एप्रिलपासून बंद आहे."

"मग कुमुद चढते कुठून?"

पद्माकररावांनी त्यांच्या हातातली बरणी घेतली. साकेत किल्लीशी चाळा करत राहिला. पाच महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता, आणि विचारणारी बाई त्याच दिवशी दिल्ली सोडून चालली होती.

परतताना पद्माकरराव म्हणाले, "मी मागे बसतो." उजवीकडून चढले आणि बरणी पोटाशी धरून सरकत माझ्यापर्यंत आले. मधल्या उंचवट्यावर त्यांचा पाय अडकला. पुढे पंपावर उतरले, पुन्हा चढले, पुन्हा सरकले.

सोमवारी करोल बागेतला गाड्यांच्या सामानाचा बाजार बंद असतो, म्हणून मंगळवारी ते साकेतला रजा घ्यायला लावून तिथे घेऊन गेले. अशोक नावाच्या मेकॅनिकने मागची सीट काढली, माझं अस्तर वरून जरासं वाकवलं आणि तारेचा आकडा आत सोडला. दहा मिनिटांत मी उघडलो. तुटकी क्लिप तळहातावर घेऊन तो म्हणाला, "किसी ने इसमें स्टील का फुट्टा डाला था क्या?"

दहा मिनिटं! आनंद व्हायला हवा होता. मला तर रडू येत होतं.

काल रेवतीला तपासायला न्यायचं होतं. सगळे खाली आले. पद्माकरराव पुढे बसले नाहीत. सरळ माझ्याकडे आले, मला उघडलं आणि वरच्या कडेखाली हात धरून ताठ उभे राहिले. आणि कुमुदिनीबाई? त्या सवयीने पलीकडे जाऊन, साडी सावरून, अर्ध्या सरकून आल्यासुद्धा होत्या.

"अगं, इकडून ये ना."

"असू दे हो. आता आलेच की."

पद्माकररावांनी हात खाली घेतला आणि मला हळूच लावलं. वाटेत पार्वतीबाईंचा फोन आला. आवाज मोठा असतो त्यांचा, मला ऐकू आला.

"दार झालं का गं नीट?"

"झालं."

"मग ये की लातूरला भेटायला!"

कुमुदिनीबाई हसल्या. मग त्यांनी काचेकडे तोंड केलं. पुटपुटल्या मात्र नाहीत.

तुमच्याही गाडीचा एखादा दरवाजा अडला असेल, तर तेल आणि बॅटरी नंतर बघा. आधी त्या दरवाजाशी कोण बसायचं ते आठवा, आणि घरात जाऊन त्यांना विचारा, हल्ली तुम्ही चढता कुठून?