तेल पिणारा दगड

मुर्नीतीला टाइल्स हव्या होत्या. साध्या, निळ्या, गुळगुळीत, फडकं मारलं की लख्ख. बाकीचा पोहण्याचा तलाव कसाही असो, पण पाणी जिथे काठाला टेकतं त्या वीतभर पट्ट्याला टाइल्सच लावायच्या, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. घाण बसते ती तिथेच. पाण्यावर जे काही तरंगतं ते शेवटी काठाला येऊन चिकटतं, आणि तिच्या तलावात तरंगणार होतं ते खोबरेल. कारण मुर्नीती मालिशवाली होती. चाफ्याची फुलं घालून कोमट केलेलं तेल ती पाहुण्यांच्या अंगात जिरवायची, आणि पाहुणे उठून सरळ पाण्यात उतरणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पण तलाव बांधणार होता लोकांची बांधकामं करणारा तिचा थोरला भाऊ दर्साना, आणि त्याच्यापुढे तोंड उघडायची तिची टाप नव्हती.

नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी परतली त्याला बरीच वर्षं झाली होती. घरच्या देवळापुढे बसवून तिला कुळात परत घेतलं, गावाच्या बैठकीत तसं सांगितलंही गेलं. रीतीप्रमाणे ती घरची झाली. भावाने मात्र तोंडाने तसं कधी म्हटलं नाही. उबुद गावाच्या वरच्या अंगाला असलेलं ते घर, अंगण, मागची उतरती शेतं, सगळं त्याच्या नावाने. दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी चालवायला त्याने तिला दिल्या, त्याही "बघ जमतंय का" म्हणून, शेजारणीला शिडी उसनी द्यावी तशा. आपण इथे घरच्या आहोत की नुसत्या ठेवून घेतलेल्या, हा किडा तिच्या डोक्यात तेव्हापासून वळवळत होता.

म्हणून तो स्वतःहून म्हणाला, "तुझ्या खोल्यांपुढे तलाव मी बांधतो," तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन पोटभर रडली.

"टाइल्स?" तिने विषय काढल्यावर दर्साना हसला. "अगं, टाइल्स पाहुण्यांच्या घरी बाथरूममध्ये आहेत की! त्या बघायला विमानात बसून येतात का माणसं? काठाला सुकबुमीच्या खाणीतला हिरवा दगड लावू. फोटो काढून काढून वेडी होतील."

"पण दादा, तेलाचं काय?"

"तू मालिश कर. दगडाचं मला कळतं."

तिकडे दगड कोरडा बघून कुणी घेत नाही. कोरडा असताना राखाडी दिसणारा तुकडा पाण्यात पडला की त्याचा खरा रंग कळतो. मुर्नीतीनेही तुकडा बादलीत टाकून ठेवला, येता-जाता बघितला. हिरवागार, देखणा, कुठे डाग नाही. डाग पडणार कसा? बादलीत नुसतं पाणी होतं. त्यात दोन थेंब तेल टाकून बघावं हे, जन्मभर तेलात हात बुडवलेल्या बाईला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. पण ते भावावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं, म्हणून तिने केलं नाही.

तलाव झाला. पहिले काही आठवडे पाहुणे खरंच वेडे झाले. मग काठाला एक तपकिरी रेघ उमटली. मुर्नीतीने ती ब्रशने घासली, लिंबाने घासली, सोड्याने घासली. रेघ पुसली जायच्याऐवजी दगडात आत आत गेली. तलावाला कुणी घाणेरडी गळपट्टी बांधावी तसं ते दिसू लागलं. पाहुणे नाक मुरडायला लागले. "पाणी बदलत नाही का तुम्ही?" असं एकीने तोंडावर विचारलं. मालिश करून पाण्यात उतरू नका म्हटलं, तर मालिशचीच गिऱ्हाइकं तुटली. एवढं होऊनही तिने दर्सानाला अवाक्षर सांगितलं नाही. आपल्याच तेलाने भावाचं काम नासलं, त्याला वाईट वाटेल, हीच तिला काळजी.

दर्साना मात्र अधूनमधून माणसं घेऊन तलाव दाखवायला यायला लागला. नवीन घरं, नवीन गेस्टहाउस बांधून घेणारी माणसं. मुर्नीतीला कोण आनंद! एवढा डाग पडूनही दादा आपलाच तलाव दाखवतो, म्हणजे त्याला आपला अभिमान आहे. ती लगबगीने कॉफी करायची, केळीच्या पानातला गोड भात पुढे करायची, आणि पुरुषांच्या बोलण्यात नको म्हणून स्वयंपाकघरात परत यायची.

एकदा सिंगराजा गावचं एक जोडपं आलं. बाई बोलकी होती. नवऱ्याला तलावाकाठी सोडून ती रिकामे पेले घेऊन स्वयंपाकघरात आली.

"ताई, फार वाईट वाटलं हो बघून," ती म्हणाली. "त्या देनपसारच्या मेल्याने तुम्हाला चांगलंच बुडवलं की."

"कुठल्या देनपसारच्या?"

"ज्याने हा दगड लावला तो. तुमचे भाऊ म्हणाले ना, मी परोपरीने सांगत होतो टाइल्स लाव, पण बहिणीने परक्याचं ऐकलं. आम्हीसुद्धा दगडच घेणार होतो. ही रेघ बघितली आणि टाइल्सचं ठरवून टाकलं. तुमच्यामुळे वाचलो बघा!"

 इतके दिवस मुर्नीती ज्यांना कॉफी पाजत होती, त्यांना भाऊ तिची फजिती दाखवत होता.

बाई तलावाकडे गेल्यावर तिने दर्सानाला हाक मारली. तो बनियनवर वारा घेत आत आला.

"दादा, दगड तेल पितो हे तुला माहीत होतं?"

तो गडबडला नाही. तेच तिला जास्त लागलं.

"विकणारा म्हणाला होता. पण किती पितो, किती दिवसांत पितो, ते लावल्याशिवाय कसं कळणार?"

"म्हणून माझ्याकडे लावलास?"

"मग काय गिऱ्हाइकाकडे लावू? शिव्या घातल्या असत्या त्यांनी, नाव गेलं असतं माझं." तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू काय, घरचीच."

हा शब्द ऐकायला ती इतकी वर्षं कान लावून बसली होती. आता ऐकला. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि चुलीवरचं भांडं उगाचच खाली उतरवलं.

जोडपं निघालं. दर्साना त्यांना पोचवायला दारापर्यंत गेला, मुर्नीतीही गेली. गाडीत बसता बसता बाईला राहवेना.

"ताई, पण त्या माणसाला तुम्ही असंच सोडलंत?"

दर्सानाने घाईघाईने गाडीचं दार लावायला हात पुढे केला.

"सोडून जाऊ कुठे?" मुर्नीती म्हणाली. "त्याच्याच घरात राहते मी."