लांबवलेली फेरी

बारामती स्टेशनाबाहेरच्या कडुनिंबाखाली माणसं जमायला लागली, तेव्हा तो आधीपासूनच तिथं उभा होता. म्हणून ज्योत्स्नाला वाटलं, हाही फेरीलाच आलाय.

ज्योत्स्ना ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायची. तिचे वडील रामभाऊ दौंड-बारामतीच्या छोट्या लाईनीवर रुळांची देखभाल करणारे गँगमन होते. छोटी गाडी बंद झाली, रूळ उखडले गेले, मोठी लाईन आली. वडील गेल्यावर वर्षभरानं ज्योत्स्नानं या फेऱ्या सुरू केल्या. दर रविवारी सकाळी, जे येतील त्यांना घेऊन, छोट्या लाईनीचं जे काही उरलंय ते पायी हिंडून दाखवायचं. कधी चार माणसं यायची, कधी पंधरा. स्टेशनाजवळचे हार्डवेअर दुकानवाले फारुकभाई कायम सोबत असायचे. ते घोळक्याच्या मागं चालत, कुणी रेंगाळलं तर त्याला घेऊन येत, आणि शेवटी सगळ्यांना आपल्या दुकानापुढं चहा पाजत.

"दादा, चला, सुरू करतोय आपण," ज्योत्स्नानं त्याला हाक मारली.

त्यानं आधी मागं वळून बघितलं, हाक दुसऱ्याच कुणाला असेल म्हणून. मग मुकाट्यानं घोळक्यात आला. पस्तिशी-चाळिशीचा, उंच, हाडापेराचा माणूस. दाढी नुकतीच केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण. हातात पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही.

पहिला मुक्काम जुन्या फलाटाच्या कडेशी. आता तिथं गवतात दगडांची एक रांग तेवढी दिसते. गुळाच्या ढेपा इथं कशा चढवायच्या, डब्यात माणसं गुडघ्याला गुडघा लावून कशी बसायची, चढावर गाडीला दम कसा लागायचा, हे ज्योत्स्ना रंगून सांगत होती. माणसं विचारत होती, इंजिन कुठं गेलं, रूळ केवढे रुंद होते. त्यानं एकच विचारलं.

"आत्ताची गाडी कवा हाय?"

"मोठ्या लाईनीची? तिला अजून अवकाश आहे," ज्योत्स्ना म्हणाली आणि पुढं चालू लागली.

पुढच्या ठिकाणी ती वडिलांची आठवण सांगत होती. कामावरच्या पोरांना रामभाऊ रुळाला कान लावून दाखवायचे, ती गंमत. लोक हसले. तो हसला नाही. त्याच्या खिशातला फोन वाजत होता. तो बघायचा आणि परत खिशात टाकायचा. पुन्हा वाजायचा. पायल नावाची एक कॉलेजची मुलगी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायला लागली, तर हा बाजूला सरला. "माझा नगं," म्हणाला.

आणि मग ज्योत्स्नापाशी येऊन त्यानं फोन पुढं केला.

"बाई, ह्यो जरा तुमच्याकडं ठिवा."

"का हो?"

"असंच. कुणी इचारत आलं तर द्या त्यास्नी."

ज्योत्स्नानं फोन हातात घेतला आणि तिला वडील आठवले. ती लहान असताना काही दिवस असे असायचे की रामभाऊ कामावरून येऊन घरात शिरायचेच नाहीत. बाहेरच अंगावर पाणी घ्यायचे, आणि ताटावर बसून नुसतेच बघत राहायचे. आई म्हणायची, काही विचारू नकोस, आज लाईनीवर माणूस सापडलं. मोठी झाल्यावर तिनं एकदा विचारलंच होतं. रामभाऊ म्हणाले होते, "आदल्या दिवशी आमच्याशी बोलून गेलेलं असायचं गं त्यातलं एखादं. गाडी कधी आहे, एवढंच विचारलेलं असायचं. आणि आम्ही सांगितलेलं असायचं."

तिनंही मघाशी सांगितलं होतं.

मोठ्या लाईनीचे रूळ तिथून दहा-पंधरा ढांगांवर होते. मधे कुंपण होतं, पण जनावरांनी पाडून वाट केलेलं. हा उंचापुरा माणूस. घोळक्यानं धरायला गेलं तर क्षणात पळेल. तिनं फारुकभाईंना बाजूला घेतलं.

"सगळ्यांना चहाला न्या. हा फोन ठेवा तुमच्याकडं. जे कोण फोन करतंय त्यांना म्हणावं, असाल तसे या. मग स्टेशनात सांगा, पोलिसांना सांगा. आणि दोन माणसं घेऊन परत या, पण लांब थांबा."

फारुकभाईंनी त्या माणसाकडं एकदा बघितलं. "चला मंडळी, आज चहा आधी, बाकीचं नंतर," म्हणत ते सगळ्यांना घेऊन गेले.

तोही निघाला. लोकांच्या दिशेनं नाही, कुंपणाच्या.

"दादा, थांबा ना," ज्योत्स्ना म्हणाली. "पुढचं तुम्हाला दाखवते. हे मी सगळ्यांना दाखवत नाही."

"मला काय करायचंय बाई बघून?"

"आलाय ना फेरीला? मग पुरी करा."

काय वाटलं कोण जाणे, तो थांबला. एकट्या माणसाकडं लोक बघतात, बाईसोबत बोलत उभ्या असलेल्याकडं कुणी बघत नाही, असा हिशोबही असेल. ज्योत्स्नानं त्याला रस्त्याकडं न्यायचा प्रयत्न केला, पण तो कुंपणाची कड सोडेना. मग तीही तिथंच, जुन्या लाईनीच्या भरावावर, त्याच्या आणि रुळांच्या मधे राहून चालू लागली. चालता चालता बोलत राहिली. भराव कुणी घातला, खडी कुठून आली, दुष्काळी कामावरच्या बायांनी पाट्या कशा वाहिल्या. तो "हं" म्हणायचा. ती गप्प झाली की तो कुंपणाकडं बघायचा. म्हणून ती गप्प होईना.

पण किती बोलणार? फेरीतलं तिला माहीत असलेलं सगळं संपलं. वर्गात पोरांना पुराव्याशिवाय बोलू नका म्हणणारी ज्योत्स्ना मनाला येईल ते बोलायला लागली.

"ती बाभळ दिसते? तिथं एक ड्रायव्हर रोज शिट्टी द्यायचा. जोतीराम नाव त्याचं. फाटक नाही, काही नाही, तरी शिट्टी."

"कशापायी?"

गाडीची वेळ सोडून त्यानं पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"त्याचं घर त्या अंगाला होतं. बायको वाट बघायची. शिट्टी ऐकली की चुलीवर तवा ठेवायची."

"मग?"

"मग एक दिवस शिट्टी दिली, पण धूर दिसला नाही."

"का? काय झालतं?"

ज्योत्स्नाला पुढचं सुचेना. ती बाभळीकडं बघत राहिली.

"सांगा की बाई. काय झालं तिला?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खोटं आहे सगळं. आत्ता रचलं मी."

तो तिच्याकडं बघायला लागला. तिनं सरळच विचारलं, "दादा, तुम्ही जीव द्यायला आलाय का?"

जणू पत्ता सांगावा तसं तो म्हणाला, "व्हय."

"नाव काय तुमचं?"

"सोमनाथ. अंथुर्ण्याचा."

"बसा. थोडा वेळ बसा माझ्यापाशी. मला पळायला लावू नका."

तो भरावावर उकिडवा बसला आणि जमिनीकडं बघत बोलला. उसाचा ट्रॅक्टर चालवायचा तो. सणसरच्या अलीकडं ट्रॉलीचं चाक बसलं म्हणून रस्त्याच्या कडेला लावून थांबला होता. अंधार पडला होता. भाचा सौरभ मोटारसायकलवर डबा घेऊन आला मामासाठी. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडानं त्याला ट्रॉली दिसली नाही.

"मी ट्रॉलीखाली जॅक लावत हुतो. आवाज आला. मला वाटलं टायर फुटला." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "आक्काचं एकुलतं पोरगं. दाजी गेल्यापासनं मीच संभाळला त्याला. डबा आणू नगं म्हनलो हुतो मी. तरी आला. मामा उपाशी ऱ्हाईल म्हनून."

"आणि आक्का?"

"शेजारीच ऱ्हाती. दिवस घातल्यापासनं माझ्याशी एक शबुद बोलली न्हाय. शिव्या द्यायला पायजेल हुत्या तिनं, बाई. मारायला पायजेल हुतं. ती नुसती बघती."

तुमची चूक नाही, हे त्याला शंभर जणांनी सांगितलेलं असणार. ती नुसती त्याच्या शेजारी बसून राहिली, आणि मनात फारुकभाईंना हाका मारत राहिली. अंथुर्ण्याहून यायला किती वेळ लागतो? फोन उचलणारं कुणी घरी तरी होतं का?

तेवढ्यात स्टेशनाकडून गाडीचा भोंगा वाजला.

सोमनाथ उठला. घाई नव्हती त्याच्या उठण्यात. ज्योत्स्नानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सोडा."

"नाही."

"सोडा बाई, तुमाला लागंल." तो चालायला लागला. ती त्याच्याबरोबर फरपटत निघाली. चप्पल निघाली, खडी पायात घुसली. ती ओरडत होती, काय ओरडत होती ते तिला नंतर आठवलं नाही. कुंपणाची मोडकी वाट आली. त्यानं हात झटकला तसा तिचा खांदा पिरगळला, पण बोटं सुटली नाहीत. तिनं पायांनी तारेच्या खांबाला अढी घातली.

"मलाबी घेऊन जा मग!" हे मात्र तिला आठवत होतं. "जा की, ओढा!"

तो क्षणभर थांबला. तिला ओढून न्यायचं त्याच्याच्यानं होईना, आणि सुटताही येईना. त्या क्षणभरात फारुकभाई आणि दोन हमाल बाभळीआडून धावत आले आणि त्याच्या अंगावर पडले. सगळेच खाली कोसळले.

गाडी गेली. खिडकीतल्या एका लहान मुलीनं त्यांच्याकडं बघून हात हलवला.

सोमनाथ मातीत तोंड खुपसून ओरडला, "काय केलं तुमी! काय केलं!" त्याच्या पाठीवर हात ठेवून फारुकभाई बसून राहिले. ज्योत्स्नाचे हात अजून त्याच्या मनगटाला चिकटलेले होते. फारुकभाईंनी तिचं एकेक बोट सोडवलं.

थोड्या वेळानं पोलीस आले. त्यांच्यामागून एक जीप आली. अंथुर्ण्याचाच सद्दाम चालवत होता. शेजारी बसलेली बाई उतरली, पदर सारखा केला आणि सरळ चालत आली. पन्नाशीची, वाळून काटकी झालेली. फारुकभाईंनी हळूच सांगितलं, "द्वारकाबाई. फोन त्याच करत होत्या सकाळपासून."

ज्योत्स्नाला वाटलं, ही आता त्याला पोटाशी धरेल. बाईनं तसं काही केलं नाही. ती त्याच्यापुढं उभी राहिली. तो वर बघेना.

"ऊठ," ती म्हणाली.

तो तसाच पडून राहिला. "आक्का, मला जगवत न्हाय गं."

"मलाबी जगवत न्हाय. ऊठ." तिचा आवाज चढला नाही. "सौरभला उचलून घरी आनला. आता तुला उचलायची ताकद माझ्यात न्हाय ऱ्हायली, सोम्या. आपल्या पायानं चल."

सोमनाथ उठला. पोलिसांनी त्याला दवाखान्यात न्यायचं ठरवलं. द्वारकाबाई जीपमधे त्याच्या शेजारी बसली, दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

पुढच्या रविवारी फेरी झाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ज्योत्स्नाला गाडीचा आवाज आला की हातातलं काम सुटायचं. शेवटी तिनं इंदापूरची एसटी धरली आणि अंथुर्ण्याला उतरली.

सोमनाथ दारात बाजेवर बसला होता. दवाखान्यात राहून आला होता, गोळ्या चालू होत्या. डोळे जड झालेले. तिला ओळखलं, पण या म्हणाला नाही.

"बरं वाटतंय का आता?" विचारून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तुमी मला धरून ठिवलं," तो सावकाश म्हणाला. "तुमचं काम झालं. आता मला रोज सकाळी उठावं लागतं."

त्यात राग होता का, ते कळेना. ज्योत्स्ना बाजेच्या कडेला बसली. आता तिला रचून काही सांगायचं नव्हतं. दोघं रस्त्याकडं बघत बसली. शेजारच्या घरातून द्वारकाबाई ताट घेऊन आली. भाकरी, आमटी, कांदा. भावाकडं न बघता तिनं ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तो खाईपर्यंत हलली नाही. तो अर्धी भाकरी खाऊन थांबला. ती तरीही हलली नाही. त्यानं उरलेली अर्धी उचलली.

ज्योत्स्ना निघाली तेव्हा द्वारकाबाई तिला स्टँडपर्यंत सोडायला आली. एसटी लांबून दिसायला लागली, तशी म्हणाली, "त्या दिशी रुळापाशी बोलले तेवढंच, परत बोलत न्हाय मी त्याच्याशी. तोंडच उघडत न्हाय माझं. पन दोन टायमाला समोर हुबी ऱ्हाती. आज जेवला. उद्याचं मला ठाव न्हाय."

"मी येऊ का पुन्हा?"

द्वारकाबाईनं विचार केला.

"या," ती म्हणाली. "तुमी बसला त्याच्यापाशी, तर मला जरा खाली बसता यील."

एसटी थांबली. ज्योत्स्ना चढली.