मुठीतलं पातं

वार्सिदीला मी मारलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत ‘कोणी केलं, कोणी केलं’ करत कुणी ताटकळायला नको. साडेसहा वर्षं तुरुंगात काढून आलेय, माझ्याकडे लपवायला काही उरलेलं नाही. लोक विचारतात, म्बोक दार्येम, पस्तावा होतो का? होतो. त्याला मारल्याचा होत नाही. त्यानंतर त्याच सकाळी जे केलं, त्याचा होतो.

आमचं केदुंगसारी म्हणजे सत्तर उंबऱ्यांचं गाव. वरच्या अंगाला हाजी मुखलासची खाचरं, खालच्या अंगाला आमच्या झोपड्या आणि मधून पाट. निम्म्या बायकांकडे वीतभर जमीन नाही. आमची जमीन म्हणजे आमचा रिवाज. हाजीच्या खाचरात आम्ही लावणी करायची, दोनदा बेणायचं, सगळं फुकट. दुपारची भाकर म्हणाल तर तीही नाही, कसाव्याचा उकडलेला कंद घरूनच न्यायचा. बदल्यात त्या खाचराची कापणी आमची. दुसऱ्या कुणी तिथं हात लावायचा नाही, आणि पाच पेंढ्यांतली एक आमच्या घरी. हे कागदावर कधी लिहिलं नाही. आयांनी लेकींना आणि सासवांनी सुनांना सांगत आणलं, तेवढंच.

कापणी करायची ती अनी-अनीनं. बोटाएवढं पातं, लाकडाच्या तुकड्यात बसवलेलं, तळहातात मावतं. मूठ मिटली की हात रिकामा दिसतो. म्बोक म्हणजे आई, आणि भात म्हणजे म्बोक श्री, आमची सगळ्यांची आई. तिला पातं दिसलं तर ती घाबरून निघून जाते आणि मागे नुसतं तूस उरतं. म्हणून एकेक लोंबी चुचकारत, पातं लपवून कापायची. पहिली लोंबी कापायचा मान माझा होता, माझ्या आधी माझ्या आईचा. खाचरात पाणी शिरतं त्या कोपऱ्यात फुलं, अंडं, भाताची मूद ठेवायची, धूप लावायचा, आणि मंत्र म्हणत दोन लोंब्या कापायच्या. एक नवरी, एक नवरा. तोवर कुणी कापणीला हात घालत नाही. हाजी मक्केला जाऊन आला, मशिदीत पुढच्या रांगेत बसायचा, पण दर हंगामाला माझ्याकडे गुपचूप कोंबडी पाठवायचा. म्बोक श्रीशी वाकडं घ्यायची हिंमत त्याच्यातही नव्हती.

आणखी एक नियम आहे, तो आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पहिली लोंबी निघायच्या आत ज्या खाचरात माणसाचं रक्त सांडलं, ते त्या साली कापायचं नाही. पाखरांना सोडून द्यायचं.

त्या साली सरकारनं वाटलेलं बुटकं बियाणं पहिल्यांदाच लावलं होतं. बेणताना कंबरेचे तुकडे पडायचे. माझी शेजारीण वारियेम म्हणायची, भात सरकारनं बदकाच्या उंचीचा केलाय, आता आपल्याला पंख फुटायचे तेवढे राहिलेत. तिची जीभ अशीच. पण हसत होतो ते वरवर. आधीचे दोन हंगाम किडीनं खाल्ले होते. सुकवलेल्या कसाव्यावर दिवस काढताना वारियेमची धाकटी नात गेली, चार वर्षांची. तिला पुरलं त्या दिवशीही वारियेम बेणायला आली होती. हे पीक घरात यायलाच हवं होतं, नाहीतर पुढच्या पावसापर्यंत आणखी कुणाकुणाला पुरायचं ते ठरलेलंच होतं.

आणि पीक पिवळं झालं तेव्हा हाजीनं उभं खाचर वार्सिदीला विकलं. वार्सिदी तालुक्याच्या बाजारातला व्यापारी, त्याची कापायची माणसं त्याची स्वतःची, नदीपलीकडची, विळेवाली. कळलं तसं आम्ही हाजीच्या अंगणात जाऊन बसलो. तो म्हणाला, काळ बदललाय, या बुटक्या भाताला विळाच बरा, आणि मी व्यापाऱ्याला शब्द देऊन बसलोय. वारियेमनं विचारलं, आणि आम्हाला दिलेला? तो म्हणाला, मी तुम्हाला शब्द कधी दिला? ते खरंच होतं. शब्द त्याच्या आईनं दिला होता, आणि ती मातीत गेली होती.

कापणीच्या सकाळी उजाडताच कोपऱ्यात फुलं-अंडं मांडून आम्ही तेवीस जणी बांधावर जाऊन बसलो. माझी लेक रुकिनाह माझ्याजवळ. एकोणीस वर्षांची, मंत्र अर्धा पाठ झालेला. माझ्यामागे पहिली लोंबी तीच कापणार होती.

वार्सिदी आला तो मोटारसायकलवर, पायात बूट, मनगटावर घड्याळ. बरोबर दोन दांडगट, हातात बांबू. मागून बारा विळेवाले चालत. त्यानं आमच्या टोपल्या पायानं पाटात लोटल्या, आमच्या कमरा चाचपायला लावल्या, कुणाकडे कोयता-बियता आहे का म्हणून. नव्हता. मग माणसांना म्हणाला, घुसा.

कुणी घुसलं नाही. त्यांचा म्होरक्या सान्रेजा, म्हातारा, त्यानं कोपऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, पहिली लोंबी निघाली का? नाही म्हटल्यावर तो विळा मांडीवर घेऊन खाली बसला. बाकीचे अकराही बसले.

“बसताय काय? पैसे बसायचे देतो का मी?”

“मालक, आमच्याही घरी पोरं आहेत,” सान्रेजा म्हणाला. “आईला न विचारता तिच्या गळ्याला विळा लावत नाही आम्ही.”

मला हसू आलं. चांगलं मोठ्यानं हसले मी. मला वाटलं, झालं, जिंकलो, मी उठले नाही तर हे खाचर कुणाच्या बापाला कापता येत नाही. ते हसू मला फार महागात पडलं.

वार्सिदी माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, म्हातारे, ऊठ आणि काप. मी म्हटलं, नाही कापत. त्यानं थोबाडीत मारली. कान सुन्न झाला. बायका उठल्या तसे दोन्ही दांडगट बांबू घेऊन सुटले. बायकांच्या पाठीवर बांबू पडताना एक बोदा आवाज येतो, तो मला अजून धान्य झोडपताना ऐकू येतो. वारियेमच्या तोंडावर बसला, तिचे पुढचे दात तिच्या पदरात पडले. एकीचा हात कोपरापासून लोंबत होता. सगळं बांधावर, आमच्या बाजूला. विळेवाले मान खाली घालून बसले होते. त्यांना आमची दया येत नव्हती असं नाही, पण त्यांनाही संध्याकाळी घरी काहीतरी न्यायचं होतं.

रुकिनाह वार्सिदीच्या मनगटाला जाऊन चावली. घड्याळाचा पट्टा तुटेपर्यंत सोडलं नाही तिनं. मग दोघांनी तिला खाली पाडलं आणि तिचा उजवा हात पाटाच्या दगडावर धरला. वार्सिदीनं टाच उचलली.

“कापतेस, का पोरीची बोटं मोडू?”

मी उठले नाही. देवा शप्पथ, मला वाटलं तो नुसता भीती घालतोय. त्यानं टाच मारली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. रुकिनाह ओरडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “म्बोक, नको कापूस.” त्यानं दुसऱ्यांदा मारली, आणि या वेळी टाच तशीच ठेवून फिरवली.

“थांब,” मी म्हटलं. “कापते. पण पिकाच्या मालकाला जवळ बसावं लागतं.”

रिवाज तसाच आहे. मालकानं उकिडवं बसायचं, दोन ताटं हातात धरायची, मान खाली घालायची. दर साली हाजी बसायचा. वार्सिदीनं सान्रेजाकडे बघितलं. सान्रेजानं मान हलवली, हो, लागतं. मग तो हसला, बूट चिखलात रुतवत कोपऱ्यात येऊन बसला, आणि म्हणाला, आटप लवकर.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या गावातला तान्हा पोरगाही कापणीला निघालेल्या बाईच्या उजव्या हाताला झोंबत नाही, कारण तो रिकामा नसतो हे सगळ्यांना माहीत. वार्सिदी बाजारात वाढलेला. त्याच्या माणसांनी आमच्या कमरा चाचपल्या, तळहात कुणी बघितले नाहीत.

न्यायाधीशांना मी सांगितलं की संतापानं डोळ्यांपुढे अंधारी आली. खोटं होतं ते. पहिल्या आणि दुसऱ्या टाचेच्या मधे माझं ठरलं होतं. मी धूप लावला, मंत्र सुरू केला, आवाजसुद्धा कापला नाही. त्यानं मान खाली घातली. कानाखाली एक शीर उडत होती. लोंबी कापताना मनगट आपल्याकडे ओढायचं असतं. तसंच ओढलं.

रक्त भातावर उडालं, अंड्यावर, फुलांवर, माझ्या तोंडावर. तो उठला, मानेला हात लावून दोन पावलं चालला, माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याला फसवलं होतं, आणि बांधावर आडवा झाला. फसवलंच होतं म्हणा.

दांडगट मोटारसायकल घेऊन पळाले. सान्रेजानं डोक्याचं फडकं सोडून वार्सिदीच्या मानेवर दाबलं, थोडा वेळ धरून ठेवलं, मग ते रुकिनाहच्या डाव्या हातात दिलं. उठून मला म्हणाला, “म्बोक, हे खाचर आता पाखरांचं.” आणि बाराही जण आले तसे नदीकडे गेले.

मग आम्हीच उरलो. पीक वाऱ्यावर डुलत होतं. इतकं भरलेलं पीक मी जन्मात बघितलं नव्हतं. सगळ्यांच्या मनात एकच होतं, आणि ते बोलायला वारियेमचीच जीभ लागली. तोंडातून रक्त गळत होतं, शब्द नीट फुटत नव्हते.

“खाचरात रक्त पडलंय का कुठं? मला तर काही दिसत नाही.”

कुणीतरी म्हणालं, मलाही नाही. मग तिसरी म्हणाली, मग चौथी. एकीनं पाटाचं तोंड उघडलं. पाणी कोपऱ्यात शिरलं, फुलं आणि अंडं तरंगत गेली, लाल रंग भाताच्या बुडख्यांमधून पसरत फिका होत गेला. बावीस बायका माझ्याकडे बघत होत्या. मला वारियेमची नात आठवली, कसाव्यानं फुगलेलं तिचं पोट आठवलं.

रुकिनाह वार्सिदीजवळ बसली होती. मोडका हात मांडीत, दुसऱ्यानं फडकं दाबून धरलेलं. त्याला अजून श्वास होता.

“मला दिसतंय, म्बोक,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाठ केली. पातं पाटात धुतलं, मंत्र पहिल्यापासून म्हटला आणि दोन लोंब्या कापल्या. माझ्या आईनं शिकवलेला एकही शब्द चुकला नाही, पण ऐकणारं तिथं कुणी नव्हतं. ते मला पहिल्याच लोंबीला कळलं. हाताला कळतं. आयुष्यभर म्बोक श्रीपासून आम्ही पातं लपवलं, ती तिची काळजी म्हणून. त्या दिवशी रक्त लपवलं.

बायका तुटून पडल्या. कोपरापासून हात मोडलेली एका हातानं कापत होती. पाचातली एक वगैरे काही नाही, पाचही पेंढ्या घरी गेल्या. वार्सिदीनं दोनदा पाणी मागितलं, दोन्ही वेळा रुकिनाहनं ओंजळीनं पाजलं. ओंजळ कसली, एका हाताचा पसा. तिसरी ओळ कापून आम्ही वळलो तेव्हा तो गेला होता. कापणी कुणी थांबवली नाही. वारियेमनं पहिल्याच पेंढीचं भात कांडून चूल पेटवली. पोलीस यायला दुपार झाली. तोवर आम्ही जेवलो होतो.

कोर्टात एकेकीला विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, आम्हाला काही दिसलं नाही. मीच उठून म्हटलं, मी मारलं, उगाच यांना उन्हात उभं करू नका. त्या साली गावात कुणी उपाशी मेलं नाही. पुढच्या साली हाजीनं आम्हाला लावणीलाही बोलावलं नाही, विळेवालेच आले. त्यांना पहिली लोंबी कापून द्यायला गावात कोणी नव्हतं, आणि हळूहळू त्यांना तिची गरजही उरली नाही.

रुकिनाहनं त्या भाताचं शितही तोंडात घातलं नाही. कसावा खाऊन राहिली, मग शहरात शिलाईच्या कारखान्यात गेली. तिची दोन बोटं वाकडीच जुळली, अनी-अनी त्यांत बसत नाही. तरी दर महिन्याला तुरुंगात भेटायला यायची, आणि त्या सकाळबद्दल कधी एक अक्षर बोलली नाही.

सुटले त्या दिवशी ती दाराशी उभी होती. माझं गाठोडं घेतलं. बसच्या थांब्यापर्यंत दोघी चालत गेलो. तिथं तिनं विचारलं, “म्बोक, तो भात कसा लागला होता?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. कडू लागला, घशाखाली उतरला नाही, असं म्हणता आलं असतं.

“गोड होता,” मी म्हटलं. “दोनदा घेतला.”

तिनं मान हलवली, गाठोडं चांगल्या हातात घेतलं आणि बस आली तशी आधी मला चढू दिलं.