शेजारधर्म

लोरेन्झने कोमट पाण्यात फडके बुडवले, पिळले आणि तसेच हातात धरून उभा राहिला. समोर फळीवर आन्सेल्म निजवलेला होता. लष्करी डगला अजून अंगातच होता आणि त्याची बटणे सोडायला लोरेन्झचा हात धजत नव्हता.

मेलेल्या माणसाला घरच्यांनी आंघोळ घालायची नाही, ते काम सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याचे. जर्मनी सोडून बोटीत बसताना या लोकांनी घरदार, शेतीवाडी मागे टाकली, पण रीतीभाती तेवढ्या गाठोड्यात बांधून आणल्या. अमेरिकेतल्या मिझुरी नदीकाठच्या या गावात क्रोगर आणि हागेडॉर्न यांच्या द्राक्षमळ्यांमध्ये फक्त एक कुंपण होते. हागेडॉर्नांच्या घरात लोरेन्झशिवाय आता कुणी उरले नव्हते. तेव्हा शेजारी तो एकटाच.

उत्तर-दक्षिणेचे यादवी युद्ध पेटले तशी गावातली पोरे उत्तरेच्या बाजूने बंदुका घेऊन निघाली. बाजारात इंग्रजी बोलणारे सगळ्याच जर्मनांना ‘डचमन’ म्हणून चिडवत. आन्सेल्म हसून म्हणे, “चिडवू दे रे. जिंकलो की हेच आपल्याला जावई करून घेतात की नाही बघ.” निरोपाच्या वेळी त्याचे वडील तोबियास सगळ्या गावादेखत म्हणाले होते, “क्रोगरांच्या घरात पाठीवर जखम कुणाला नाही.” ते तिकडे जर्मनीत बाडेनच्या बंडात लढून आलेले. त्यांचा शब्द गावात खाली पडत नसे.

काल दुपारी पोरे एका कोठाराच्या सावलीत कॉफी उकळत बसली होती आणि दक्षिणेचे घोडेस्वार मक्याच्या शेतातून चालून आले. सगळ्यात आधी पळाला तो लोरेन्झ. मागून आन्सेल्म हाका मारत होता, “लोरेन्झ, थांब रे!” ओढ्याच्या चिखलात एक बूट रुतून राहिला, तो उपसायलासुद्धा लोरेन्झ थांबला नाही. मग हाका बंद झाल्या.

आणि आज सकाळी त्याने गवताच्या गाडीतून आन्सेल्मला घरी आणले होते. स्वतःच्या उघड्या पायाला त्याने गोणपाट गुंडाळले होते.

शेवटी त्याने बटणे सोडली. तोंड पुसले, हात पुसले, नखांतली माती काढली. मग त्याला कुशीवर वळवले. दोन खांद्यांच्या मधोमध जखम होती. लहान होती, बटणाएवढी. लोरेन्झने ती पुन्हा पुन्हा पुसली, जणू पुसून जाणार होती. मग चटकन त्याने आन्सेल्मला उताणा केला.

तोबियासकाका आत आले. त्यांच्या हातात घडी केलेला पांढरा सदरा होता.

“हा घाल त्याला.”

लोरेन्झने तो ओळखला. नवरीने नवऱ्यासाठी शिवायचा, त्याने तो लग्नात घालायचा आणि मग मरणासाठी जपून ठेवायचा, असा सदरा.

“काका, हा तुमचा आहे.”

“त्याला कुणी शिवलाय? बायको कुठाय त्याला?” काका फळीपाशी आले. “मला काय, कुठलाही चालेल.”

दोघांनी मिळून सदऱ्याच्या बाह्या चढवल्या. काकांनी गळ्याचे बटण लावले, कॉलर सारखी केली, पुन्हा केली. मग एकदम मोठ्याने विचारले,

“गोळी कुठून लागली?”

लोरेन्झने घमेल्यातले फडके उचलून पिळले.

“समोरून,” तो म्हणाला.

“मोठ्यानं बोल.”

“समोरून लागली, काका. छातीत.”

मधली भिंत नुसत्या फळ्यांची होती. पलीकडे आन्सेल्मची आई, वालबुर्गाकाकू, बसल्या होत्या. त्यांचा दाबून धरलेला श्वास सुटलेला इकडे ऐकू आला आणि मग त्या मोकळेपणाने रडू लागल्या. काका ते ऐकत उभे राहिले. रडण्याचा आवाज जरा स्थिरावल्यावर त्यांनी लोरेन्झकडे न बघता हळू आवाजात सांगितले,

“गाडीतून उतरवताना माझा हात त्याच्या पाठीखाली होता.”

लोरेन्झच्या हातातले फडके पाण्यात पडले.

“काका, तो मला हाका मारत होता. मी मागं वळून बघितलंसुद्धा नाही. मी जर...”

“हळू. तिला ऐकू जाईल.”

लोरेन्झला वाटत होते, आता मारतील, निदान घराबाहेर काढतील. मारले असते तर बरे झाले असते. काका वाकले, फळीखाली काढून ठेवलेले आन्सेल्मचे बूट त्यांनी उचलले. न्हाऊ घालणाऱ्याला मेलेल्याचे बूट द्यायचे, हीही रीतच. स्वतःच्या अंगातल्या सदऱ्याच्या बाहीने त्यांनी टाचांवरचा चिखल पुसला आणि बूट लोरेन्झच्या पायाशी ठेवले, त्या गोणपाटाशेजारी. त्या पायाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

“बाडेनमध्ये माझाही एक बूट राहिला होता,” ते म्हणाले. “असाच. ओढ्यात.”

एवढे बोलून ते घमेले उचलून बाहेर पाणी ओतायला गेले.

लोरेन्झ फळीला टेकून खाली बसला. गोणपाटाची गाठ त्याला सुटेना.

“लोरेन्झ,” भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, रडून रडून बसलेला. “बूट दिले का रे ह्यांनी? बसतात ना तुला? त्याचा पाय मोठा होता.”

“बसतात, काकू,” तो म्हणाला. अजून त्याने ते घालून पाहिले नव्हते.